आग्वादचं गोडं पाणी

कोल्हापूरला एकेकाळी समुद्र होता. सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण बंदर करवीरच्या छत्रपतींकडे होतं. १८१२ च्या तहात इंग्रजांनी मालवण मागून घेतलं आणि आमच्या गावाचा किनारा गेला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं होतं, दोनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं वाटावं त्याहून जास्त. कारण आमच्या घरात समुद्राची ओढ आहे आणि ती आण्णांमुळं आहे.

आण्णा, म्हणजे माझे वडील, ट्रकवर होते. १९७८ पासून जवळजवळ पंचवीस वर्षं शाहू मार्केट यार्डातून गूळ, कांदा-बटाटा, भाजी भरायची आणि रात्रीत घाट उतरून पहाटे म्हापशाच्या बाजारात गाडी लावायची. माल उतरेपर्यंत तीन-चार तास मिळायचे. तेवढ्यात कुणाच्या तरी स्कूटरवर बसून ते सिकेरीच्या किनाऱ्यावर आंघोळीला जायचे. तिथं डोक्यावर आग्वादचा जुना किल्ला आणि त्या किल्ल्याच्या तटावर एक मोठं हॉटेल. "वर बसलेली माणसं खाली बघायची, आणि मी पाण्यातनं वर बघायचो," एवढंच ते त्या हॉटेलाबद्दल सांगत. कधी आत गेले नाहीत. गेल्या डिसेंबरात त्यांना सत्तरावं लागलं, तेव्हा मी ठरवलं की त्यांना तिथं घेऊन जायचं आणि ते हॉटेल मुळात तिथं आलं कसं, हे नीट समजून घ्यायचं. मी, नवरा, आमचा सहावीतला मुलगा आणि आण्णा, असे चौघं निघालो.

दिवस पहिला

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, पण आण्णा म्हणाले, "आधी रंकाळ्याला चला, पाव्हणं. पाण्याला सांगून जाऊ." त्यांची ही जुनी रीत. यार्डातून गाडी भरली की रंकाळ्यावरून एक चक्कर, मग घाट.

धुकं होतं. संध्यामठाचे खांब पाण्यात अर्धे बुडालेले. पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेसचा घड्याळाचा मनोरा तेवढा दिसत होता. या वास्तूकडं मी आजवर नुसती भेळ खाता खाता बघत आलेय, पण या वेळी प्रवासाचा विषयच तो असल्यामुळं मुलाला सगळं सांगितलं. १९३१ ते १९३४ या काळात काळ्या दगडात आणि इटालियन संगमरवरात ती बांधली, खर्च आला आठ लाख रुपये. राजकन्या शालिनीराजे यांचं नाव तिला दिलं. दारांच्या काचांवर छत्रपतींची राजमुद्रा कोरलेली आहे. आणि १९८७ साली या राजवाड्याचं हॉटेल झालं.

"म्हणजे आधी राजवाडा आणि मग हॉटेल?" मुलानं विचारलं. व्हय, म्हटलं. पाण्याकाठची चांगली जागा कधीच पहिल्यांदा हॉटेलासाठी निवडलेली नसते. ती आधी दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कारणासाठी हेरलेली असते. आपण आता जिथं चाललोय तिथली जागा निवडली होती पोर्तुगीजांनी, आणि तीही प्यायच्या पाण्यासाठी.

निपाणीवरून उत्तूर, आजरा. आजऱ्यात चहा. इथला घनसाळ तांदूळ येताना घ्यायचा, असं आण्णांनी दोनदा बजावलं. आंबोलीत थंडी होती. घाट उतरताना नवऱ्यानं गाडी सावकाश घेतली, तरी प्रत्येक वळणाआधी आण्णांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत होता. मागच्या सीटवरून मला ते दिसत होतं. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी जेवलो आणि दिवस कलायच्या आत शिरोड्याला पोचलो.

मुक्काम एका घरगुती ठिकाणी केला. अंगणात शिरताच काकींनी विचारलं, "खयसून इलात?" कोल्हापूर म्हटल्यावर त्या हसून म्हणाल्या, मग तिखट आम्ही वाढवूक होया. रात्री सुरमईची कढी आणि तांदळाची भाकरी. जेवताना गोष्ट निघाली ती वेळागरची. शिरोड्याचा हा किनारा सरकारनं पंचतारांकित हॉटेलासाठी हेरला, जमिनी घेतल्या आणि तिथून जो वाद सुरू झाला तो गावानं वर्षानुवर्षं जगला. काकींच्या बोलण्यात राग नव्हता, पण एक वाक्य लक्षात राहिलं. त्या म्हणाल्या, हॉटेल येवंदे, पण आमका दर्यावर जावूक वाट होयी. १९३० साली याच गावच्या मिठागरांवर लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला होता. समुद्रावर हक्क कुणाचा, हा प्रश्न इथं नवीन नाही.

दिवस दुसरा

रेडीच्या गणपतीचं दर्शन घेऊन तेरेखोलला. नकाशावर बघितलं तर नदीच्या उत्तरेचा हा छोटा तुकडा महाराष्ट्रात असायला हवा, पण तो गोव्यात आहे. किल्ला मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचा, सतराव्या शतकातला. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो घेतला आणि नदी ओलांडून आलेली ती हद्द अजून तशीच राहिली. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर घुसून तिरंगा लावला होता.

पुढं या किल्ल्यातही हॉटेल झालं. अगदी लहान, सात खोल्यांचं, आणि खोल्यांना आठवड्याच्या वारांची नावं. मधल्या चौकात पांढरंशुभ्र सेंट अँथनीचं चर्च आहे. त्याचं दार बंद होतं. तटावरून खाली नदीचं तोंड आणि पलीकडं केरीची वाळू दिसते. आण्णा तिथं बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "सात खोल्यांचं हॉटेल आणि शेजारी देव. एवढंच असावं बघ."

केरीला फेरीबोटीनं उतरलो. इंजीन बंद करून गाडी लोखंडी पाट्यावर उभी, पाच-सात मिनिटांत पैलतीर. तिथून म्हापसा. आण्णांना बाजार बघायचा होता. गाड्या लावायची जागा बदललीय, हमाल ओळखीचे उरले नाहीत, पण केळीवाल्यांची ओळ होती तिथंच आहे म्हणाले. एका दुकानात कोल्हापुरी गुळाची ढेप दिसली तर त्यांनी अंगठ्यानं कडा दाबून बघितली, वास घेतला, आणि काही न बोलता परत ठेवली. दुकानदारानं विचारलं, "तुमी खंयचे?" नाव सांगितल्यावर दोघं अर्धा तास बोलत बसले. संध्याकाळी कांदोळीत एका साध्या गेस्ट हाऊसवर उतरलो.

दिवस तिसरा

या दिवसासाठीच आलो होतो.

सकाळी आधी वरचा किल्ला. आग्वाद हे नाव 'आग्वा' या पोर्तुगीज शब्दावरून आलंय, म्हणजे पाणी. इथं गोड्या पाण्याचा झरा होता. लिस्बनहून महिनोन्‌महिने प्रवास करून येणारी जहाजं मांडवीच्या तोंडाशी थांबून इथं पाणी भरायची. डचांची भीती होती, म्हणून १६१२ पर्यंत हा किल्ला बांधून झाला. वर मोठी भूमिगत टाकी आहे, तिच्या छताला दगडी खांबांचा आधार. टाकीत २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावायचं.

आण्णा पाटीसमोर थांबले. "लिटरमधी किती?" मुलानं मोबाईलवर हिशेब केला, एक कोटीच्या घरात. आण्णांनी डोळे मिटले आणि आपल्या मापात आणलं. "दहा हजाराचा टँकर धर. म्हंजे हजार टँकर." तेवढं बोलून ते टाकीच्या झरोक्याशी वाकले आणि आतल्या काळोखात बघत राहिले. ज्या माणसानं उन्हाळ्यात घाटात रेडिएटरसाठी पाणी शोधलंय, त्याला या टाकीची किंमत पाटी न वाचताही कळते.

१७३९ साली मराठ्यांनी आणि सावंतवाडीच्या सावंतांनी जवळपास सगळा बारदेश, म्हणजे आग्वादच्या आजूबाजूचा मुलूख, जिंकला, तरी आग्वाद आणि रेईश मागूश हे दोन किल्ले पोर्तुगीजांच्या हातून सुटले नाहीत. आत पाणी असलेला किल्ला वेढा घालून थकवता येत नाही, हे वर उभं राहिल्यावर पटतं. पलीकडं १८६४ चा जुना दीपस्तंभ आहे, बुटका आणि जाड, चार मजली.

किल्ल्याचा हा फक्त डोक्याचा भाग. तट डोंगरावरून खाली उतरत थेट समुद्रात गेलेले आहेत. सिकेरीच्या बाजूला एक बुरूज पाण्यात पुढं घुसलाय, आणि त्या बुरुजाच्या वरच्या उतारावर १९७४ साली हॉटेल सुरू झालं. आजचं ताज फोर्ट आग्वाद.

त्या सालाचा विचार करा. गोवा मुक्त होऊन जेमतेम तेरा वर्षं झाली होती. पणजीत मांडवी हॉटेल होतं, तेही १९५२ साली सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला येणाऱ्या लोकांची सोय म्हणून उभं राहिलेलं. म्हणजे गोव्यातलं पहिलं नाव घेण्यासारखं हॉटेल भाविकांसाठी होतं आणि नदीकाठी होतं. समुद्राकाठी मुद्दाम राहायला जायचं, वाळूत पडून राहायचं, यासाठी कुणी पैसे देईल ही कल्पनाच नवी होती. अंजुण्याच्या वाळूवर हिप्पी होते, पण ते माडांच्या झोपड्यांत राहायचे. कांदोळी-सिकेरी म्हणजे रापणकार, म्हणजे मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, आणि माडी काढणारे रेंदेर यांची गावं. अशा ठिकाणी, जुन्या किल्ल्याच्या तटावर, एका मोठ्या कंपनीनं हॉटेल बांधायचं धाडस केलं आणि नंतरच्या पन्नास वर्षांत अख्ख्या गोव्याचा किनारा त्या वाटेनं गेला. ते बरं झालं की वाईट, यावर माझं मत एका वाक्यात सांगता येणार नाही. पण सुरुवात इथून झाली.

दुपारी चारला आम्ही हॉटेलात चहाला गेलो. राहायचं परवडणारं नव्हतं आणि तशी गरजही नव्हती. आण्णांनी इस्त्रीचा पांढरा सदरा आणि नवी कोल्हापुरी चप्पल घातली होती. दारावरच्या माणसानं त्यांना हात जोडून नमस्कार केला, आण्णांनीही केला.

इमारत भव्य नाही, आणि मला तेच आवडलं. उताराच्या कलानं खाली खाली उतरत गेलेल्या कौलारू खोल्या. गच्चीवर बसलं की समोर आधी तट, मग बुरूज, मग पाणी. मी उठून त्या जुन्या भिंतीला हात लावला. जांभा दगड. आमच्या रंकाळ्याचा दगड काळा, थंड, गुळगुळीत. हा तांबडा आणि भोकाभोकांचा, प्रत्येक भोकात मिठाचा बारीक कण, शेवाळाचा हिरवा ठिपका. बोटं फिरवली की तांबूस पूड हाताला लागते. चारशे वर्षं पावसाळ्याच्या लाटा अंगावर घेऊन ही भिंत उभी आहे, आणि तिच्या आधारानं वरचं सगळं.

चहा येईपर्यंत आण्णांनी १९८३ ची गोष्ट काढली. नोव्हेंबर महिना. दिल्लीत राष्ट्रकुल परिषद होती आणि मधल्या विसाव्यासाठी सगळे राष्ट्रप्रमुख गोव्यात याच हॉटेलात आले होते. इंदिरा गांधी यजमान, मार्गारेट थॅचर पाहुण्यांत. त्यांच्यासाठी वरच्या डोंगरावर खास बंगले बांधले. आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचा गोवा जाहीरनामा त्या मुक्कामात निघाला. "त्या आठवड्यात म्हापशाच्या पुढं कुणाला सोडत नव्हते," आण्णा म्हणाले. "दोन फेऱ्या झाल्या, आंघोळ न्हाई. एका पोलिसाला विचारलं, बाबा, कोण आलंय? तो म्हणाला, सगळं जग आलंय."

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८१ च्या नोव्हेंबरात, इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं की भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंत किनारा बांधकामापासून मोकळा ठेवा. त्या पत्रातून पुढं १९९१ ची किनारा नियमनाची अधिसूचना आली. आज आपण ज्याला सीआरझेड म्हणतो ती. आग्वादचं हॉटेल या सगळ्याच्या आधीचं. आणि किनाऱ्यावर जायची लोकांची वाट बंद करता येत नाही, हे दोनापावलजवळच्या एका हॉटेलाच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. शिरोड्याच्या काकींचं वाक्य मला तिथं चहा पिताना आठवलं.

वेटर मुलगा चंदगडचा निघाला. आपलाच जिल्हा! त्यानं आण्णांना खालचा समुद्र दाखवत सांगितलं की तिथं खूप वर्षं एक मोठं जहाज रुतून बसलं होतं. आण्णांना माहीत होतं. ६ जून २००० ला रिव्हर प्रिन्सेस हे खनिजाचं जहाज वादळात वाळूवर चढलं आणि बारा वर्षं तिथंच गंजत राहिलं. लाटांची दिशा बदलली, वाळू खचली. हॉटेलाच्या गच्चीवरून रोज तेच दिसायचं. आता तिथं फक्त पाणी आहे.

चहा पिऊन खालच्या आग्वादला गेलो, तुरुंगाकडं. खरं तर इथं आधी यायला हवं होतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत राजकीय कैदी इथं ठेवायचे. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना इथं कोंडून मग पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. राममनोहर लोहियांना १९४६ च्या सप्टेंबरात कुळे स्टेशनवर पकडलं आणि इथं आणलं. आणि गोव्याच्या मुक्तीसाठी लढणारे मोहन रानडे. मूळचे सांगलीचे, मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आलेले. १९५५ च्या बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, इथल्या एकांत कोठडीत राहिले, मग लिस्बनला हलवले. गोवा १९६१ ला सुटला, ते सुटले १९६९ ला.

हा तुरुंग स्वातंत्र्यानंतरही चालूच होता, २०१५ पर्यंत. हा हिशेब मी कोठडीच्या दाराशी उभी राहून केला. १९७४ ते २०१५. म्हणजे एक्केचाळीस वर्षं एकाच किल्ल्याच्या एका टोकाला सुट्टी घालवायला आलेले पाहुणे आणि दुसऱ्या टोकाला शिक्षा भोगणारे कैदी, दोघांसमोर एकच समुद्र. आता तिथं संग्रहालय आहे, २०२१ च्या डिसेंबरात उघडलेलं. कोठडीच्या झरोक्यातून पाण्याची एक पट्टी दिसते, हाताच्या वितीएवढी. मुलगा पायाच्या चवड्यांवर उभा राहिला तरी त्याला ती दिसेना, तेव्हा आण्णांनी त्याला बगलेत धरून उचललं. सत्तरीचा माणूस, सहावीतलं पोर. मी नको म्हणत होते. "बघू दे त्याला," म्हणाले. "सांगलीचा माणूस इथनं बघायचा."

त्या रात्री जेवताना कुणी फार बोललं नाही.

दिवस चौथा

पहाटे साडेपाचला आण्णांनी मला उठवलं. टॉवेल खांद्यावर. सिकेरीच्या वाळूवर दोन रापणकार आणि तीन कुत्री सोडली तर कुणी नव्हतं. बुरुजाच्या पायथ्याशी लाटा फुटत होत्या, वर हॉटेलाचे थोडे दिवे. आण्णा गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले, ओंजळ भरून आधी डोक्यावर घेतली, मग खाली बसले. मी काठावर चपला सांभाळत. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवून वरच्या गच्चीकडं बघितलं. तिथं एक बाई शाल पांघरून उभी होती. तिनं हात हलवला. आण्णांनीही हलवला.

परतीचा प्रवास सरळ झाला. आजऱ्यात घनसाळ पाच किलो घेतला. मुलगा वहीत लिहीत होता आणि आण्णा त्याला मधून मधून दुरुस्त करत होते, "त्र्याऐंशी न्हवं नुसतं, नोव्हेंबर लिही." निपाणी ओलांडली तेव्हा अंधार पडला. आठला गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबून चौघांनी म्हशीचं ताजं दूध प्यायलं, समोर काढलेलं, फेसासकट.

घरी आल्यावर आण्णांनी पिशवीतून टॉवेल काढला. अजून दमट होता. उंबऱ्याबाहेरच्या काळ्या फरशीवर त्यांनी तो दोनदा झटकला. वाळू पडली, मूठभरसुद्धा नसेल. मी केरसुणी आणायला वळले तर म्हणाले, "राहू दे आज."